मायक्रोफ्लुइडिक चिपवर अपोप्टोसिस: पहिला प्रयोग कसा उभा करावा

समजा, एका डिशमध्ये हेला पेशी (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या कर्करोगाच्या पेशी) आहेत. त्यांना ट्रेल हे मरणाचा इशारा देणारं प्रथिन दिलं, सहा तास थांबलात, पेशी सोडवून रंगवल्या आणि एकेक पेशी मोजणाऱ्या फ्लो सायटोमीटरमधून काढल्या. चाळीस टक्के पेशी अपोप्टोसिसच्या, म्हणजे पेशीने स्वतःच ठरावीक क्रमाने घडवलेल्या मरणाच्या, वाटेला लागल्याचं यंत्राने सांगितलं. यावरून प्रत्येक पेशी हळूहळू मरते आहे, की काही पेशी झटकन मेल्या आणि बाकीच्या अजून धडधाकट आहेत, हे कळत नाही. दोन्ही परिस्थितींत आकडा चाळीसच येतो.

यातली दुसरी शक्यता खरी आहे. २००० साली डग्लस ग्रीन यांच्या गटाने जिवंत पेशींमध्ये दाखवलं की मायटोकाँड्रियातून (पेशीच्या ऊर्जाकेंद्रांतून) सायटोक्रोम सी हे प्रथिन बाहेर पडायला सुरुवात झाली की साधारण पाच मिनिटांत ते सगळं बाहेर येतं. पण ही सुरुवात कधी होईल, यात एकाच डिशमधल्या पेशींत कित्येक तासांचा फरक असतो. २००९ मध्ये पीटर सॉर्गर यांच्या गटाने ट्रेल दिलेल्या पेशींचा माग काढला. नुकत्याच विभागलेल्या दोन बहीणपेशी जवळजवळ एकाच वेळी मरतात आणि विभाजनाला जितका वेळ लोटलेला असेल तितकं हे साम्य विरत जातं, असं त्यांना दिसलं. म्हणजे फरकाचं एक मोठं कारण जनुकांत नसून त्या घडीला पेशीत कोणतं प्रथिन किती आहे, यात होतं. एकेका पेशीवर तासन् तास नजर ठेवल्याशिवाय हे कळलं नसतं.

नजर ठेवायला साधी काचतळाची डिशही चालते. मग मायक्रोफ्लुइडिक चिप, म्हणजे अगदी बारीक वाटांतून (चॅनेलमधून) द्रव वाहू देणारी पट्टी, कशासाठी? पेशी जागेवरून न हलवता तिच्याभोवतीचा द्रव बदलता येतो, म्हणून. दुसऱ्या तासाला औषध द्या, चौथ्या तासाला धुऊन काढा आणि तीच पेशी सावरते का ते पाहा. शिवाय मरणारी पेशी फार नाजूक असते. धुणं, सेंट्रिफ्यूज, पुन्हा धुणं यात ज्या पेशी आपल्याला हव्यात, नेमक्या त्याच फुटतात किंवा सांडतात. चिपमध्ये रंग वाहत येतो आणि पेशी असते तिथेच राहते.

तुम्हाला फक्त 'या औषधाचा कोणता डोस निम्म्या पेशी मारतो' एवढंच हवं असेल, तर चिपच्या वाटेला जाऊ नका. ९६ खणांची प्लेट स्वस्त पडते आणि उत्तरही भरवशाचं देते.

नवीन माणसाने सुरुवातीलाच मनाशी पक्की करावी अशी एक गोष्ट आहे. चिप स्वतःच पेशी मारते. जोराचा प्रवाह, हवेचा बुडबुडा, संपलेलं अन्न, बाष्पीभवन, सूक्ष्मदर्शकाचा प्रकाश यांतलं काहीही अपोप्टोसिस घडवू शकतं आणि तो अपोप्टोसिस औषधाने घडवलेल्यासारखाच दिसतो. म्हणून पुढच्या सगळ्या कृतीत सर्वांत जास्त मेहनत औषध नसलेल्या चॅनेलवर घ्यायची आहे.

आधी ठरवा: मरण ओळखणार कशावरून

चिपचं चित्र काढण्याआधी हे ठरवा, कारण रंगांवरून माध्यम (पेशी ज्यात वाढतात तो पोषक द्रव) ठरतं आणि माध्यमावरून बाकीचं बरंच काही. आतल्या वाटेने होणाऱ्या अपोप्टोसिसचा क्रम ढोबळमानाने असा: मायटोकाँड्रियाचं बाह्य आवरण झिरपू लागतं, सायटोक्रोम सी बाहेर येतं, कॅस्पेज-९ आणि मग कॅस्पेज-३ व ७ ही प्रथिनं तोडणारी विकरं जागी होतात. पुढे पेशीपटलाच्या आतल्या बाजूला असणारं फॉस्फॅटिडिलसेरिन हे मेदद्रव्य बाहेरच्या बाजूला येतं, पेशी आक्रसते आणि तिच्यावर फोड आल्यासारखे फुगवटे उठतात. शरीरात अशा पेशीला भक्षक पेशी गिळून टाकतात. चिपमध्ये गिळणारं कुणी नसतं, त्यामुळे काही तासांनी पटल फाटतं आणि प्रोपिडियम आयोडाइड हा रंग आत शिरून केंद्रक लाल होतं. हे लाल केंद्रक शेवटचा टप्पा दाखवतं, सुरुवात नाही.

पहिल्या प्रयोगाला दोनच रंग घ्या: हिरवा अ‍ॅनेक्सिन व्ही (तो बाहेर आलेल्या फॉस्फॅटिडिलसेरिनला चिकटतो) आणि लाल प्रोपिडियम आयोडाइड. आधी हिरवी कड आणि मग बऱ्याच वेळाने लाल केंद्रक, हा क्रम अपोप्टोसिसशी जुळतो. दोन्ही जवळजवळ एकदम आले, तर पटल आधीच फाटलंय असा संशय घ्या. मायटोकाँड्रियाचा विभव दाखवणारा टीएमआरएम आणि प्रोपिडियम आयोडाइड दोन्ही लाल पट्ट्यात येतात, म्हणून ते एकत्र वापरू नका. कॅस्पेज-३ व ७ तोडतात त्या डीईव्हीडी या अमिनो आम्लांच्या क्रमावर बेतलेले रंग उत्तम असतात, पण त्यातले बरेच हिरवे आहेत. ते वापरणार असाल तर अ‍ॅनेक्सिन दूर-लाल रंगाचा घ्या.

अ‍ॅनेक्सिनला चिकटण्यासाठी कॅल्शियम लागतं आणि इथे बरेच जण फसतात. डीएमईएम माध्यमात ते सुमारे १.८ मिलिमोलर असतं, आरपीएमआय १६४० मध्ये मात्र फक्त ०.४२. आरपीएमआय वापरत असाल तर कॅल्शियम थोडं वाढवावं लागेल. त्यात फॉस्फेट भरपूर असल्याने कॅल्शियम जास्त झालं तर बारीक साका बसतो, म्हणून माध्यम आधी सूक्ष्मदर्शकाखाली बघून घ्या. पेशी सोडवायला वापरलेल्या ट्रिप्सिनसोबतचं ईडीटीए नीट धुतलं गेलं नाही तर ते उरलेलं कॅल्शियमही धरून ठेवतं. माध्यम फिनॉल रेड नसलेलं घ्या, म्हणजे पार्श्वभूमी काळी राहते.

आणि आकाराकडे दुर्लक्ष करू नका. १९७२ मध्ये केर, वायली आणि करी यांनी अपोप्टोसिसचं वर्णन केलं ते पेशींच्या रूपावरूनच, या रंगांवरून नव्हे. फेज कॉन्ट्रास्टमध्ये (रंग न वापरता पेशीचा आकार दाखवणाऱ्या चित्रात) आक्रसलेली, फुगवटे उठलेली पेशी डोळ्यांना दिसत नसेल, तर एकट्या हिरव्या कडेवर विसंबू नका. नेक्रॉप्टोसिस या वेगळ्या प्रकारच्या पेशीमृत्यूतही अ‍ॅनेक्सिन चिकटू शकतो.

चिप

पहिल्या चिपला सरळ चॅनेल पुरे: रुंदी ५०० मायक्रोमीटर, उंची १००, लांबी २० मिलिमीटर. असे चार चॅनेल एका काचपट्टीवर शेजारी शेजारी, प्रत्येकाचा प्रवेश आणि निर्गम वेगळा. ही मापं लक्षात ठेवायला सोपी आहेत, कारण चॅनेलचं आकारमान बरोबर १ मायक्रोलिटर येतं आणि तळाचं क्षेत्रफळ १० चौरस मिलिमीटर.

साचा सहसा सिलिकॉनच्या चकतीवर एसयू-८ या प्रकाशसंवेदी पदार्थाने करतात. तुमच्या संस्थेत स्वच्छ कक्ष नसेल तरी अडून राहू नका. मुंबईची आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था इथल्या सुविधा बाहेरच्या संशोधकांना वापरता याव्यात, यासाठी केंद्र सरकारचा आयएनयूपी हा कार्यक्रम सुरू झाला. तिथे चौकशी करा. एकदा साचा हातात आला की तो जपून वापरला तर अनेक चिप निघतात.

चिप या साच्यावर पीडीएमएस हा पारदर्शक, रबरासारखा पदार्थ ओतून करतात; हे काम हाताला लवकर बसतं. सिलगार्ड १८४ चा मूळ द्रव आणि घट्ट करणारा द्रव वजनाने १०:१ घ्या आणि वाटतं त्याहून जास्त वेळ घोटा. निर्वात पात्रात ठेवून बुडबुडे काढा, साच्यावर ओता आणि ७० अंश सेल्सिअसला किमान दोन तास ठेवा. पेशींसाठीच्या चिप मी रात्रभर ओव्हनमध्ये ठेवण्याच्या मताचा आहे, कारण अर्धवट जुळलेले छोटे रेणू नंतर माध्यमात पाझरतात. साच्यातून सोडवून भोकं पाडा, चिकटपट्टीने धूळ उचला, काच आणि पीडीएमएस दोन्ही ऑक्सिजन प्लाझ्मातून काढा आणि लगेच एकमेकांवर ठेवा. हा जोड पुन्हा सुटत नाही. प्लाझ्मानंतर चॅनेल पाणी ओढून घेतो, पण तो गुण काही तासांत ओसरू लागतो. म्हणून जोडल्या जोडल्या ७० टक्के इथेनॉलने चॅनेल भरा, मग निर्जंतुक बफरने धुवा आणि वापरेपर्यंत ओला ठेवा.

पीडीएमएसचा एक दोष औषधांच्या प्रयोगात महागात पडतो. पाण्याचा तिटकारा असलेले छोटे रेणू त्यात शोषले जातात. टोपके आणि बीबी यांनी २००६ मध्ये हे दाखवून सावध केलं होतं. बाटलीवर १ मायक्रोमोलर लिहिलेलं असतं, पेशींपर्यंत किती पोचलं ते ठाऊक नसतं. नंतर तोच रेणू भिंतीतून परत बाहेर येतो, म्हणजे 'धुतलं' म्हणता ते खरं धुतलंच जात नाही. ट्रेलसारख्या प्रथिनाच्या बाबतीत हा प्रश्न फार छोटा असतो. स्निग्ध औषध वापरायचंच असेल, तर कठीण प्लास्टिकच्या तयार चॅनेल स्लाइड घ्या. खरं तर पहिल्या प्रयोगाला मी कुणालाही त्याच घ्यायला सांगेन. पीडीएमएस शिकणं आणि पेशीमृत्यू शिकणं ही दोन कामं एकाच आठवड्यात करायची गरज नाही.

जुरकॅटसारख्या तरंगत्या पेशींना सरळ चॅनेल उपयोगाचा नाही, प्रवाह सुरू होताच त्या निघून जातात. त्यांच्यासाठी अर्धचंद्राकृती सापळ्यांची चिप लागते. तिच्यात प्रवाहच एकेक पेशी सापळ्यात नेऊन बसवतो. २००६ मध्ये डी कार्लो, वू आणि ल्यूक ली यांनी अशी रचना मांडली. २००९ मध्ये ग्लासगोतल्या व्लोडकोविच, कूपर आणि सहकाऱ्यांनी ट्यूमर पेशींच्या अपोप्टोसिससाठी सापळ्यांची चिप वापरली. ही तुमची दुसरी किंवा तिसरी चिप असू दे.

प्रवाहाचं गणित पेशी भरण्याआधी करा

तीन आकडे काढायचे आहेत. पहिला, पेशींवर येणारा कर्तनताण, म्हणजे वाहत्या द्रवाची पेशींवरची ओढ. रुंद आणि बुटक्या चॅनेलसाठी सूत्र असं:

कर्तनताण = ६ × श्यानता × प्रवाहदर ÷ (रुंदी × उंचीचा वर्ग)

३७ अंशांना माध्यमाची श्यानता (दाटपणा) ०.७ मिलिपास्कल-सेकंद धरा. आपल्या चॅनेलमध्ये मिनिटाला १ मायक्रोलिटर सोडलं, तर ताण येतो सुमारे ०.१४ डाइन प्रति चौरस सेंटिमीटर. १० मायक्रोलिटर सोडलं तर १.४. धमनीच्या अस्तरातल्या पेशींना १० ते २० डाइन सोसायची सवय असते, हेला पेशींना नसते. त्यातही गोल होऊन तळ सोडू लागलेल्या मरणोन्मुख पेशीला थोडाही ताण पुरतो. सूत्रात उंचीचा वर्ग आहे, हे विसरू नका. चॅनेल ५० मायक्रोमीटर उंचीचा केलात तर त्याच प्रवाहात ताण चौपट होतो.

दुसरा आकडा अन्नाचा. डिशमध्ये पेशींच्या डोक्यावर दोन मिलिमीटर तरी माध्यम असतं, इथे ०.१ मिलिमीटर आहे. म्हणजे प्रत्येक पेशीच्या वाट्याला विसावा हिस्सा. प्रवाह बंद ठेवून रात्र काढलीत तर सकाळी दिसणारं मरण उपासमारीचं असू शकतं. उलट सतत जोरात माध्यम सोडलंत, तर पेशींनी एकमेकींसाठी सोडलेले जगवणारे रेणूही वाहून जातात. या मापाच्या चॅनेलला मिनिटाला ०.५ ते १ मायक्रोलिटर ही बरी सुरुवात आहे.

तिसरा आकडा नळीचा, आणि नवख्यांकडून हमखास राहतो तो हाच. सिरिंजपासून चिपपर्यंत अर्ध्या मिलिमीटर व्यासाची ५० सेंटिमीटर नळी लावलीत, तर तिच्यातच जवळपास ९८ मायक्रोलिटर द्रव मावतो. मिनिटाला १ मायक्रोलिटर या गतीने औषध पेशींपर्यंत पोचायला दीड तासाहून जास्त वेळ लागेल. गच्चीवरच्या सोलरचं गरम पाणी खालच्या नळाला यायला वेळ लागतो, तसंच हे आहे. तुम्ही घड्याळ सुरू केलं ते पंप चालू केल्यावर, पेशींचं घड्याळ मात्र तेव्हा सुरूच झालेलं नसतं. व्यास पाव मिलिमीटर आणि लांबी २० सेंटिमीटर केली, तर हीच वेळ १० मिनिटांवर येते. तरीही औषधात थोडा निरुपद्रवी चमकणारा रंग मिसळून चॅनेलमध्ये तो कधी उजळतो ते टिपा आणि तोच शून्य मिनिट धरा. औषधाची कड नळीत पसरते, त्यामुळे उजळणंही एकदम होत नाही. निम्मी चमक आल्याची वेळ घ्या.

पेशी भरणं

हेला पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या पेशीभांडारातून मागवता येतात. कुठूनही आणल्या तरी मायकोप्लाझ्मा या जीवाणूची चाचणी करा. संसर्ग झालेल्या पेशींच्या मरणाचं वेळापत्रक बिघडलेलं असतं.

चॅनेलमध्ये फायब्रोनेक्टिन (पेशींना तळाला चिकटायला मदत करणारं प्रथिन), मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम, भरून ३७ अंशांना तासभर ठेवा. पेशी मिलिलिटरला ५० लाख या घनतेने घ्या. १ मायक्रोलिटरमध्ये ५,००० पेशी येतात, म्हणजे चौरस सेंटिमीटरला ५०,०००. डिशसाठी मिलिलिटरला ५० लाख ही घनता प्रचंड वाटते, इथे ती बेताची आहे. गठ्ठे राहू नयेत म्हणून ४० मायक्रोमीटरच्या चाळणीतून गाळून घ्या. पिपेटने हलकेच सोडा, दोन्ही तोंडांवर माध्यमाचा थेंब ठेवा आणि चिप ओलसर डब्यात ठेवून इन्क्युबेटरमध्ये चार ते सहा तास चिकटू द्या. तोंडांवरचे थेंब सारख्या आकाराचे असावेत. एक मोठा, एक छोटा असेल तर त्यांच्यातल्या दाबाच्या फरकानेच पेशी सरकतात.

मग नळ्या जोडायच्या, आणि हाच बुडबुड्यांचा क्षण असतो. फ्रिजमधलं माध्यम तसंच वापरलं तर तापताना त्यातली विरघळलेली हवा सुटते आणि चॅनेलमध्ये बुडबुडे धरते. एक बुडबुडा चॅनेलभर फिरला की त्याच्या कडेने पेशी खरवडल्या जातात. माध्यम आधी ३७ अंशांवर आणून ठेवा, निर्वातात हवा काढा, नळी पूर्ण भरून तिच्या टोकाला थेंब लोंबू द्या आणि थेंबाला थेंब भेटवून जोडा. बुडबुडा गेलेला चॅनेल प्रयोगातून बाद करा, तो कितीही बरा दिसला तरी.

औषधाविना एक रात्र

आता चारही चॅनेलमध्ये फक्त माध्यम आणि दोन्ही रंग वाहते ठेवून, पुढे जितका वेळ प्रयोग चालवणार आहात तितका वेळ चित्रण करा. दर पाच ते दहा मिनिटांनी एक चित्र पुरतं. उजेड शक्य तितका कमी आणि अनावरण (एक्स्पोजर) शक्य तितकं छोटं ठेवा. पेशींना निळा प्रकाश सोसत नाही, म्हणून सगळ्या चौकटींत फेज कॉन्ट्रास्ट घ्या, हिरवा आणि लाल मात्र दर दुसऱ्या-तिसऱ्या चौकटीत घेतला तरी चालेल. एक चॅनेल शेवटच्या चौकटीपर्यंत प्रकाशाविना ठेवा. चित्रण झालेल्या चॅनेलमध्ये मेलेल्या पेशी जास्त आणि अंधारातल्यात कमी असतील, तर मारणारा तुमचा दिवा आहे.

काय दिसायला हवं? पेशी पसरलेल्या असाव्यात, विभागत असाव्यात आणि मरणाचं प्रमाण त्याच पेशींच्या साध्या डिशमधल्या प्रमाणाजवळ असावं. विभाजन थांबलं असेल तर मेलेल्या पेशी कमी असूनही चिप नापास आहे. मरण प्रवेशाच्या बाजूला जास्त असेल तर प्रवाह किंवा बुडबुडे तपासा, निर्गमाच्या बाजूला जास्त असेल तर अन्न कमी पडतंय. सगळीकडे सारखं आणि हळूहळू वाढत असेल तर तापमान, कार्बन डायऑक्साइड आणि बाष्पीभवन पाहा. पीडीएमएसमधून पाण्याची वाफ सहज निघून जाते, त्यामुळे कोरड्या पेटीत माध्यम खारट होत जातं.

ही रात्र पास होईपर्यंत औषधाच्या बाटलीला हात लावू नका. गाईडना घाई असेल तर त्यांना हे चित्रण दाखवा.

औषधाचा दिवस

चार चॅनेल असे वापरा. एकात फक्त औषधाचा द्रावक. दुसऱ्यात औषध. तिसऱ्यात औषध अधिक झेड-व्हॅड-एफएमके, जो कॅस्पेज अडवतो. चौथ्यात खात्रीने मारणारं काहीतरी. हेलासाठी स्टॉरोस्पोरिन १ मायक्रोमोलर नेहमी वापरतात. ट्रेल वापरत असाल तर मिलिलिटरला ५० नॅनोग्रॅमपासून सुरुवात करा. काही पेशी वाचतील, ते अपेक्षितच आहे. द्रावक डीएमएसओ असेल तर तो ०.१ टक्क्याच्या वर जाऊ देऊ नका आणि सगळ्या चॅनेलमध्ये सारखा ठेवा.

तिसरा चॅनेल सगळ्यात बोलका असतो. तिथे मरण थांबलं तर कॅस्पेजच्या वाटेचा पुरावा मिळाला. थांबलं नाही आणि पेशी फुगून फुटताना दिसल्या, तर मरण दुसऱ्या वाटेने होतंय. नेक्रॉप्टोसिस अडवणारं नेक्रोस्टॅटिन-१एस किंवा फेरॉप्टोसिस (मरणाची आणखी एक वाट) अडवणारं फेरोस्टॅटिन-१ देऊन पुढच्या चिपवर ते तपासता येतं.

प्रयोग चालू असताना निर्गमाचा द्रव वाया घालवू नका. मरणाऱ्या पेशी तळ सोडतात आणि प्रवाहाबरोबर निघून जातात. नंतर मोजणारा म्हणतो, 'मेलेल्या पेशी कमीच आहेत', कारण मेलेल्या नळीतून बाहेर गेलेल्या असतात. प्रत्येक चॅनेलचा द्रव वेगळ्या नळीत गोळा करा आणि शेवटी त्यातल्या पेशी मोजा. चॅनेलमधून गायब झालेल्या पेशींच्या संख्येशी हा आकडा साधारण जुळायला हवा.

मोजणी

चित्रांसाठी फिजी हे सॉफ्टवेअर आणि त्यातलं पेशींचा माग काढणारं ट्रॅकमेट पुरतं, दोन्ही फुकट आहेत. मेलेल्या पेशींचे आकार वेडेवाकडे होतात, म्हणून संगणकाने काढलेल्या मागांपैकी काही स्वतःच्या डोळ्यांनी पडताळा. प्रत्येक पेशीसाठी तीन वेळा लिहा: आक्रसायला लागल्याची, हिरवी कड आल्याची आणि केंद्रक लाल झाल्याची. चौकटीबाहेर गेलेली किंवा शेवटपर्यंत जिवंत राहिलेली पेशी यादीतून काढू नका. 'अमुक मिनिटापर्यंत जिवंत दिसली' अशी नोंद करा आणि कॅप्लान-मायर पद्धतीचा आलेख काढा. रुग्णांच्या अभ्यासात अर्धवट राहिलेली माहिती याच पद्धतीने हाताळतात.

एका चिपवरच्या ३०० पेशी म्हणजे ३०० प्रयोग नव्हेत. त्यांनी एकच माध्यम, एकच पंप आणि एकच सकाळ अनुभवली आहे. वेगवेगळ्या दिवशी, वेगळ्या पेशींच्या भरणीवर केलेल्या किमान तीन चिप घ्या, प्रत्येक चिपचा मध्यांक काढा आणि तुलना त्या मध्यांकांची करा. दर वेळी औषधाचा चॅनेल वेगळ्या जागी ठेवा, म्हणजे कडेच्या चॅनेलचा दोष औषधाच्या खात्यावर जमा होणार नाही. आणि वहीत प्रत्येक आलेखाशेजारी त्या दिवशीच्या द्रावकाच्या चॅनेलमध्ये किती पेशी मेल्या, तो आकडा लिहून ठेवा.